खाडीकांठचे बांध आणि त्यांचे राखणदार

समुद्र आणि शेतकरी यांचें भांडण फार जुनें आहे आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. देशावरच्या शेतकऱ्याला नांगर धरावा लागतो आणि पावसाची वाट पाहावी लागते. कोंकणांत खाडीकांठीं राहणाऱ्या शेतकऱ्याला हीं दोन्ही कामें आहेतच. पण त्यांखेरीज आणखी एक काम जन्माचें त्याच्या पाठीशीं लागलेलें असतें. दिवसांतून दोन वेळां भरतीचें पाणी त्याच्या शेताच्या उंबरठ्याशीं येतें आणि आंत शिरण्याची वाट शोधतें. ती वाट पाण्याला सांपडूं नये म्हणून मातीचा जो उंचवटा उभा केलेला असतो, त्याला बांध म्हणतात. हा बांध कोणीं घातला, कोणीं राखला आणि कोणाच्या हयगयीनें तो फुटला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत कोंकणकिनाऱ्याचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे. किल्ले आणि आरमार यांच्या इतिहासापुढें तो झांकला गेला, एवढेंच.

मुंबईच्या दक्षिणेस धरमतरची खाडी मुलखांत खोल शिरते. तिच्या कांठच्या पेण व अलिबाग तालुक्यांतील सपाट प्रदेशाला ‘खारेपाट’ म्हणतात. तेथून खालीं रत्नागिरी-मालवणच्या खाड्या ओलांडून गोव्यांत उतरलें म्हणजे मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखांशीं तसाच सखल प्रदेश लागतो. त्याला तेथें ‘खाजन’ हें नांव आहे. गोव्यांतील खाजन जमिनींचें क्षेत्र सतरा-अठरा हजार हेक्टर धरलें जातें. नांवें निराळीं असलीं तरी जमिनीची जात एकच. एके काळीं हा सारा भाग म्हणजे तिवरांचें रान आणि दलदल. नद्यांनीं आणलेला गाळ थराथरानें सांचला, तिवरांच्या मुळांनीं तो धरून ठेवला, आणि मग माणसानें त्याच्याभोंवतीं बांध घालून खारें पाणी बाहेर अडविलें. शेत झालें खरें. पण त्या शेताची पातळी उधाणाच्या पाण्याहून खालींच राहिली. हा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीं शेती करीत आला आहे.

ही युक्ति कोणा परकीयानें येऊन शिकविली नाहीं. गोव्यांतील बांदोडें गांवीं सांपडलेल्या, कोंकणच्या मौर्य वंशांतील अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटांत ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. हा ताम्रपट पांचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानचा. म्हणजे यादव-शिलाहारांच्याही पूर्वीं या जमिनीला नांव होतें आणि राजानें दान करावें इतकें तिचें मोल होतें. पुढें १५१० मध्यें पोर्तुगिजांनीं गोवा घेतलें. १५२६ सालीं त्यांचा महसुलाचा अधिकारी अफोंसो मेशिया यानें गांवकऱ्यांच्या चालीरीतींची एक सनद तयार करविली. ती ‘फोराल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. नव्या सत्तेला सारा हवा होता. आणि सारा हवा असेल, तर गांवकीची जुनी व्यवस्था मोडून चालणार नाहीं, हें तिला तेव्हांच उमगलें होतें.

बांध म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. खाडीच्या अंगाचा बांध उंच व रुंद असतो. त्यासाठीं खाडीचाच चिकट चिखल काढून त्याच्या ढेपा एकीवर एक बसवितात. मध्यें पेंढा, बांबू व लांकडी मेढी घालतात. आणि जेथें प्रवाहाचा मारा अधिक, तेथें बाहेरून जांभ्या दगडाची फरसबंदी करतात. बांधाच्या पुढें तिवरांची झाडी मुद्दाम राखलेली असते. लाट प्रथम त्या झाडींत मोडते आणि अर्धमेली होऊन बांधाशीं पोंचते. मोठ्या बांधाच्या आंत लहान लहान बांधांचें जाळें असतें. त्यामुळें एका ठिकाणीं पाणी शिरलेंच, तर तें साऱ्या शिवारांत एकदम पसरत नाहीं. इतकी तजवीज करूनही एखादा खेंकडा बांधांत बीळ करतो, त्या बिळांतून पाण्याची करंगळीएवढी धार वाहूं लागते, आणि दोन-तीन भरत्यांत त्या धारेची वाट होते. बांधाचे शत्रु लाट आणि वादळ हे तर खरेच. परंतु त्यांच्याहून मोठा शत्रु म्हणजे वेळेवर न बुजविलेलें हें बीळ.

बांधापेक्षांही चतुराईची वस्तु म्हणजे त्यांतील दार. पावसाचें पाणी शेतांत सांचून राहिलें तर भात कुजेल. म्हणून तें बाहेर गेलें पाहिजे, पण खाडीचें पाणी आंत येतां कामा नये. यासाठीं ओढ्याच्या तोंडाशीं दगडी कमान बांधून तिला लांकडी झडपा बसवितात. कुलाब्याकडे हिला ‘उघाडी’ म्हणतात, गोव्यांत ‘मानस’. ओहोटी लागून खाडीची पातळी उतरली, कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें झडपा आपोआप उघडतात. भरती चढूं लागली, कीं बाहेरच्या दाबानें त्या आपोआप मिटतात. येथें ना यंत्र लागतें, ना इंधन. समुद्राच्याच बळानें समुद्राला अडविण्याची ही करामत आहे. मात्र झडपेची एक फळी कुजली किंवा उंबऱ्यांत एखादें लांकूड अडकलें, तर ही सारी करामत एका रात्रींत व्यर्थ ठरते.

या व्यवस्थेचें वर्ष चंद्राच्या कलांवर आणि नक्षत्रांवर चालतें. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’. मुंबईच्या बाजूस मोठ्या उधाणांत पाणी चार मीटरांहून अधिक चढतें-उतरतें. गोव्याकडे हा फरक सुमारें दोन मीटरांचा. भात कापून खळीं उरकलीं, कीं बांधाचें काम सुरू होतें. ढांसळलेली कड भरणें, खचलेला माथा उंचावणें, बिळें खणून पुन्हां ठोंसणें, उघाडीच्या झडपा बदलणें हीं कामें भांगाच्या दिवसांत आणि ओहोटीच्या चार-सहा तासांतच साधावीं लागतात. मृगाच्या आधीं सारें आटोपलें पाहिजे. पहिल्या पावसाचें पाणी शेतांत कोंडून ठेवतात, जमिनींतलें मीठ त्यांत विरघळूं देतात आणि ओहोटीच्या वेळीं तें उघाडींतून सोडून देतात. असें वारंवार केल्यावर जमीन गोडी होते. मग मोड आणलेलें बीं चिखलांत फेंकतात. खारेपणा सोसणारीं हीं भाताचीं वाणें पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें तयार झालेलीं आहेत. गोव्यांतील ‘कोरगुट’ हें त्यांतलें प्रसिद्ध वाण.

आषाढ-श्रावणांत खरी परीक्षा. वरून पाऊस, बाहेरून उधाण आणि पश्चिमेचा वारा अशा तिन्ही बाजूंनीं बांधावर मारा होतो. श्रावणी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतो. खारेपाटांतला शेतकरी त्याच पौर्णिमेच्या भरतीकडे निराळ्या नजरेनें पाहतो. बांध फुटून पडलेल्या भगदाडाला तिकडे ‘खांड’ म्हणतात. खांड गेली, ही हांक आली म्हणजे घरांतली चूल तशीच टाकून माणसें टोपल्या-फावडीं घेऊन धांवतात. कारण पुढची भरती यायला फार तर सहा तास असतात. त्या अवधींत ती बुजली नाहीं, तर प्रत्येक भरतीनें तिची रुंदी वाढते, आणि पुढें भांगाची वाट पाहण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. एकदां शेतांत शिरलेलें मीठ एका पावसाळ्यांत धुवून जाईलच असें नाहीं. पुष्कळदां दोन-तीन वर्षें जमीन नापीक पडते.

मुंबईकर श्रोत्याला ही कथा दूरच्या खेड्यांतली वाटण्याचा संभव आहे. पण त्याचें शहर अशाच एका बांधाच्या आधारानें वाढलें. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारांतून पूर्वीं भरतीचें पाणी बेटांच्या मध्यभागीं शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत, १७८४ च्या सुमारास, तें खिंडार दगडी बांधानें बुजविण्यांत आलें. त्याला ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. वेलार्ड हा शब्दही बांध या अर्थाच्या ‘वालादो’ या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश. परंतु मुंबईचा बांध आणि खेड्यांतला बांध यांत एक मोठा भेद आहे. मुंबईचा बांध सरकारी खजिन्यांतून दगडानें बांधला गेला. आज त्यावरून मोटारी धांवतात आणि त्याच्याखालीं बांध आहे याची कोणाला आठवणही होत नाहीं. खेड्यांतला बांध चिखलाचा. त्याला विसरण्याची सोय नाहीं.

चिखलाच्या बांधाचा खरा मसाला म्हणजे माणसांची एकजूट. डोंगरउतारावर एका शेतकऱ्यानें आपला बांध घातला नाहीं, तर बहुतेक नुकसान त्याचें त्यालाच होतें. खाडीकांठीं एकाच्या शेतासमोरची खांड शंभरांचीं शेतें बुडविते. म्हणून येथें बांध हा कोणा एकाचा असूंच शकत नाहीं. गोव्यांत ही गोष्ट गांवकीनें ओळखली होती. जमीन गांवच्या मूळ वसाहतकारांच्या वंशजांची सामाईक. तिचे भाग ठरावीक मुदतीनें लिलांवानें कसायला दिले जात. येणाऱ्या उत्पन्नांतून सरकारचा सारा, देवळाचा व गांवचा खर्च आणि बांध-मानशींची दुरुस्ती भागविल्यानंतर जें उरेल, तें गांवकऱ्यांत वांटलें जाई. लाभाची वांटणी शेवटीं आणि दुरुस्तीचा खर्च आधीं, हा क्रम महत्त्वाचा होता. पोर्तुगीज अमदानींत या संस्थांना ‘कोमुनिदाद’ हें नांव मिळालें आणि १९०४, १९३३ व १९६१ या सालांच्या संहितांनीं त्यांचे नियम बांधले गेले. त्याबरोबर सरकारी देखरेखही वाढत गेली आणि गांवकऱ्यांचें स्वातंत्र्य त्या मानानें आक्रसत गेलें.

मानशीपाशीं मासेही सांपडतात आणि तेथील मासेमारीच्या हक्काची लिलांवानें विक्री होते. गोव्यांत तिला ‘पावणी’ म्हणतात. शेतकऱ्याला पाणी बाहेर हवें, मासे धरणाऱ्याला तें आंत हवें. हा विरोध मुळांतच आहे. जोंपर्यंत भात हें मुख्य पीक आणि मासे हें जोडउत्पन्न होतें, तोंपर्यंत मानशीची दोरी शेताच्या सोयीनें हालत असे. पुढें माशांचा भाव चढला आणि पावणीची रक्कम शेताच्या उत्पन्नाशीं स्पर्धा करूं लागली, तेव्हां दोरी दुसऱ्या हातांत गेली.

कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, व्यवस्था निराळी होती. तेथें पूर्वींच्या सत्तांनीं भांडवल घालणाऱ्या माणसांना कौल देऊन खारी जमीन बांधून घेतली. अशा जमिनीला ‘शिलोत्र’ आणि ती बांधणाऱ्याला ‘शिलोत्रदार’ म्हणत. बाहेरच्या मोठ्या बांधाची दुरुस्ती शिलोत्रदारानें करावी आणि त्याबद्दल कुळांनीं त्याला सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागें एक मण भात द्यावें, अशी पद्धत होती. या भाताला ‘शिलोत्री मण’ हें नांवच पडलें होतें. हा व्यवहार सरळ होता. भात घेणाराची जबाबदारी त्यांतच सांगितलेली होती. शिवाय एका बांधाच्या आश्रयाखालीं असलेल्या शेतकऱ्यांचा मेळ असे, त्याला ‘जोळ’ म्हणत. प्रत्येक घरानें बांधाच्या कामाला माणूस धाडावा, हा त्याचा नियम.

कालांतरानें हक्क आणि जबाबदारी यांची फारकत झाली. बांधावर घाम गाळणारा एक आणि पिकाचा मोठा वांटा नेणारा दुसरा, ही स्थिति खारेपाटांत सर्रास झाली. कुळानें खारी जमीन धुवून गोडी करावी आणि तीवर त्याचा हक्क मात्र कांहींच नसावा, ही गोष्ट विसाव्या शतकांतल्या शेतकऱ्याला सोसेना. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं अलिबाग तालुक्यांतील चरी या गांवीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारला. पंचवीस गांवांतील शेतकऱ्यांनीं जमिनी कसण्याचें थांबविलें. सहा वर्षें तो संप टिकला. हातावर पोट असलेल्या माणसांनीं मिळेल ती मजुरी करून हीं वर्षें काढलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३४ मध्यें चरीला येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्यें मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. अखेरीस १९३९ च्या कूळकायद्यानें कुळाला संरक्षण देण्याचें तत्त्व मान्य झालें. चरीचा संप खंडाचा व हक्काचा म्हणून ओळखला जातो, तें योग्यच आहे. पण त्याच्या पोटांत बांधाचाही प्रश्न होता. जो समुद्र अडवितो, त्याची जमीन असावी कीं नसावी, हाच तो प्रश्न.

त्याचें उत्तर १९४८ मध्यें कायद्यानें दिलें, आणि एकाच वर्षीं दोन कायद्यांनीं दिलें. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें कुळाचा जमिनीवरील हक्क दृढ झाला आणि पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे मालक झाले. दुसरा कायदा मुंबई खारभूमि कायदा. त्यानें बांधांची जबाबदारी एका सरकारी मंडळाकडे सोंपविली. खोत गेला, त्याबरोबर त्याचें कर्तव्यही गेलें. आणि नवा मालक दोन-चार एकरांचा धनी, मोठा बांध एकट्यानें राखण्याची ऐपत नसलेला. तेव्हां सरकारनें पुढें होणें प्राप्तच होतें. १९७९ मध्यें महाराष्ट्र राज्यानें खारभूमि विकासाचा नवा कायदा केला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें खारेपणा सोसणारीं भाताचीं नवीं वाणें काढलीं. हें सारें स्वागतार्ह होतें. मात्र या उपकारांबरोबर एक सूक्ष्म हानि झाली. बांध ‘सरकारी’ झाला, आणि सरकारी वस्तूकडे पाहण्याची लोकांची दृष्टि बदलली. खेंकड्याचें बीळ सकाळीं दिसलें तर शेतकरी पूर्वीं दुपारपर्यंत बुजवीत असे. आतां त्याची तक्रार लिहावी लागते, अंदाजपत्रक व्हावें लागतें, मंजुरी यावी लागते. कागद आपल्या गतीनें चालतात; भरती मात्र सुमारें साडेबारा तासांनीं न चुकतां येते.

गोव्यांतही हीच कथा थोड्या उशिरानें घडली. १९६१ मध्यें गोवा मुक्त झालें. १९६४ चा कूळकायदा आणि त्यानंतरची १९७६ ची दुरुस्ती यांनीं कसणाऱ्याला हक्क मिळाला. न्यायाच्या दृष्टीनें तें आवश्यकच होतें. कोमुनिदादकडे बांधासाठीं ना पैसा राहिला, ना उत्साह. म्हणून १९७५ च्या नियमांनीं कुळांचे संघ स्थापून बांध-मानशींची सामाईक जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यांत आली. कांहीं संघ चांगले चालले. पुष्कळ ठिकाणीं कुळांनीं शेती सोडली, संघाची सूत्रें पावणीच्या पैशाभोंवतीं फिरूं लागलीं, आणि मासे वाढावे म्हणून शेतांत जाणूनबुजून खारें पाणी सोडल्याचे प्रकारही झाले. नद्यांतून ये-जा करणाऱ्या खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीं बांधांच्या कडा झिजल्या, ती हानि निराळीच.

जी शेतें बुडून तशींच राहिलीं, तेथें तिवरांनीं पुन्हां ठाण मांडलें आहे. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ मधील आदेशांनीं संरक्षण दिलें आहे, आणि किनाऱ्याच्या हिताच्या दृष्टीनें तें उचितच आहे. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर शेत लिहिलें आहे आणि डोळ्यांपुढें रान उभें आहे, त्याची स्थिति चमत्कारिक होते. बांधाच्या बाहेर होतीं तोंवर तिवरें त्याचीं राखणदार होतीं. बांध फुटून तीं आंत आलीं, तेव्हां तींच त्याच्या पराभवाची खूण ठरलीं. त्यांत समुद्राची पातळी हळूहळू चढत असल्यामुळें आजवर पुरेशी असलेली बांधाची उंची उद्यां पुरेलच, याची शाश्वति राहिलेली नाहीं.

या दीड हजार वर्षांच्या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट निघते. गांवकी असो, शिलोत्रदारी असो कीं सरकारी खातें असो; जोंवर जमिनीचा लाभ आणि बांधाची काळजी एकाच ठिकाणीं होती, तोंवर बांध उभा राहिला. लाभ एकाकडे व श्रम दुसऱ्याकडे गेले, तेव्हां तंटा झाला. आणि लाभ व श्रम दोन्ही शेतकऱ्याकडे येऊन काळजी तेवढी दूरच्या कचेरींत गेली, तेव्हां खांडी पडूं लागल्या. जुन्या गांवकींत वंशाचा भेद होता आणि खोतींत अन्याय होता. त्यांचा शोक करण्याचें कारण नाहीं. पण दुरुस्ती आधीं व वांटणी नंतर, हा गांवकीचा क्रम आणि घरटीं एक माणूस, हा जोळीचा नियम यांत कसलाही अन्याय नव्हता. मोठा पैसा आणि दगड सरकारनें द्यावे, रोजची नजर आणि पहिली टोपली गांवाची असावी, अशी वांटणी कायद्याला अशक्य नाहीं. खाडीकांठच्या माणसाला तिचें मर्म कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. अमावास्या कधीं आहे, हें त्याला पंचांग न उघडतांही ठाऊक असतें. त्या रात्रीं बांधावर कंदील घेऊन कोणीं जावयाचें, एवढें ठरलें पाहिजे.